ताईचा मासा

काल शेजाऱ्यांनी माशांच्या खाद्याचा डबा उघडला आणि त्या सुक्या बोंबलासारख्या वासाने मला ताईच्या लग्नाचा दिवस आठवला. ताईकडे एक ऑस्कर मासा होता, तळहाताएवढा, काळा, अंगावर केशरी ठिपके. तो फक्त तिच्या बोटांतून खायचा आणि ती आपल्या खोलीत गेली की टाकीच्या त्या बाजूच्या काचेशी थांबून राहायचा. दुपारी तिची पाठवणी करून आम्ही कार्यालयातून इंदिरानगरच्या फ्लॅटवर आलो, कुलूप उघडलं, तर टाकीत मासा नव्हता. झाकण चार बोटं सरकलेलं होतं आणि पंपाचे बुडबुडे तेवढे वर येत होते. फरशीवर ओला माग उमटला होता, तो सोफ्याला वळसा घालून ताईच्या खोलीकडे गेला होता. टाकीपासून चांगली दहा पावलं लांब, तिच्या बंद दाराच्या फटीला तोंड लावून मासा मरून पडला होता. मी वाकलो तशी आई म्हणाली, "हात नको लावूस." तेवढ्यात माझा फोन वाजला. कळवणला सासरी निघालेली ताई वाटेत वणीपर्यंत पोचली होती. "माझा मासा कुठे आहे रे?" तिने विचारलं. "टाकीत," मी म्हणालो, "आत्ताच खाल्लं त्याने." मग "बरं" म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर ताई कितीदा तरी माहेरी आली, त्या रिकाम्या टाकीसमोर बसून चहा प्यायली. पण माशाचं काय झालं, हे तिने मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.