पट्टी सुटायच्या आधीची बातमी

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली यशोधरा सुरवाडे तशी भित्री पोरगी नव्हती. लोकोशेडमध्ये फिटर असलेल्या आधार सुरवाडेंची ही थोरली मुलगी. आंबेडकर जयंतीला स्टेजवर उभी राहून न अडखळता वीस मिनिटं बोलायची. शाळेत बाईंनी चुकीचं शिकवलं तर हात वर करायची आणि बाकावर उभं राहायची शिक्षाही भोगायची. आधारभाऊंनी तिच्यासाठी एकच गोष्ट मनात धरली होती : पोरीनं सरकारच्या माहिती खात्यात अधिकारी व्हावं. त्यासाठी वृत्तपत्रविद्येचा डिप्लोमा हवा, आणि डिप्लोमासाठी दोन महिने कुठंतरी प्रत्यक्ष काम करून, तिथल्या मालकाच्या सहीचं सर्टिफिकेट कॉलेजात द्यायला हवं. ते नाही दिलं की वर्ष गेलं. घरात पाठची दोन भावंडं शिकत होती. वर्ष वाया घालवणं त्या घराला परवडणार नव्हतं.

तर ब्याण्णव सालच्या डिसेंबरात यशोधरा जळगावला शालिग्रामभाऊ चौधरींच्या ऑफिसात रुजू झाली. नवी पेठेत, एका औषधाच्या दुकानावर, दोन खोल्यांचं ऑफिस. बाहेर पाटी होती, 'संपर्क जनसंपर्क सेवा'. जळगावात तेव्हा हा धंदा कुणाला ठाऊक? पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलीचा फोटो आणि पत्रिका घेऊन जिना चढून आले, त्यांना ते वधूवर सूचक मंडळ वाटलं. शालिग्रामभाऊंनी त्यांनाही चहा पाजूनच परत पाठवलं. माणूस गोड होता हो. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती.

काम काय, तर पैसेवाल्यांची नावं पेपरात आणायची. कुणाचं दुकान उघडलं, कुणी वह्या वाटल्या, कुणाचा सत्कार झाला. पण भाऊंची कामाची एक रीत होती आणि ती यशोधराला पहिल्या दिवशीच शिकवली गेली. कार्यक्रम संध्याकाळी असायचे. धुळ्याच्या पेपरला बातमी जायची एसटीनं, पाकीट कंडक्टरच्या हातात द्यायचं आणि धुळ्याच्या स्टँडवर पेपरचा माणूस ते उतरवून घ्यायचा. त्यासाठी पावणेचारची गाडी गाठावी लागे. मग संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी दुपारीच लिहायची. 'टाळ्यांच्या कडकडाटात', 'उपस्थितांचे डोळे पाणावले', सगळं आधीच. भाऊ म्हणत, उद्या सकाळी ताजी बातमी वाचायची तर ती आज शिळी करून पाठवावी लागते. यशोधराला आधी हसू आलं, मग सवय झाली. हार घालणारच आहेत, टाळ्या वाजणारच आहेत, त्यात खोटं ते काय?

जानेवारीत भाऊंचं मोठं गिऱ्हाईक, डाळमिलवाले हीरालालशेठ, यांनी आईच्या नावानं नेत्रशिबिर घेतलं. कै. लाडकुंवरबाई स्मृती मोफत मोतीबिंदू शिबिर, पारोळ्याच्या पुढं धुळ्याच्या रस्त्यावरच्या करंजखेड्यात. शेठना नगरपालिकेला उभं राहायचं होतं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाहेरगावचे डॉक्टर आले, शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकल्या आणि दोन दिवसांत साठ-सत्तर म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांच्या हस्ते पट्ट्या सोडायचा समारंभ. आता पट्टी सोडायला पाहुणे कशाला लागतात, हे मला विचारू नका.

यशोधरा सकाळीच करंजखेड्याला पोचली. बातमीला एखादं माणूस हवं म्हणून ती वर्गावर्गांतून हिंडत होती, तर कोपऱ्यातून एक म्हातारी हाक मारती झाली. डोळ्यावर पट्टी, तरी पायांचा आवाज ऐकून तिनं ओळखलं की ही बाई गावातली नव्हे. झुंबरबाई तिचं नाव. मुलगा भटू हमालीला जायचा, सून केसरबाई शेजारी बसून भाकरी कुस्करत होती. झुंबरबाईनं यशोधराचा हात धरून बसवून घेतलं आणि नाव-गाव, आई-बाप सगळं विचारलं. उलट यशोधरानं तिला विचारलं, पट्टी सुटल्यावर आधी काय बघणार, तर म्हातारी लाजली. म्हणाली, या सुनेचं तोंड बघणार. चार वर्षं झाली लग्नाला, पण तेव्हाच डोळ्यांवर पडदा आलेला. लोक म्हणतात नाक लई सरळ शे. हात लावून पाहिलं, पण हाताला काय कळतं? केसरबाईनं पदर तोंडाला लावला आणि खुदकन हसली.

यशोधराचा जीव हरखला. हीच बातमी! शाळेच्या ओट्यावर बसून एका दमात तिनं लिहून काढली. पट्टी सुटताच झुंबरबाईंनी सून केसरबाईंचे मुख प्रथमच पाहिले आणि त्यांच्या तोंडून उद्गार निघाले, 'माले बठ्ठं दिखस! सगळं दिखस!' साडेतीनला, समारंभासाठी तिथं आलेल्या भाऊंनी कागद वाचला, पाठ थोपटली, आणि पाकीट धुळ्याच्या गाडीत बसलं. जळगावचं पाकीट उलट दिशेच्या गाडीनं गेलं.

पाच वाजता पट्ट्या सुटल्या. बऱ्याच जणांना दिसलं, हे खरं आहे, उगाच कुणाला बोल लावायचा नाही. पण झुंबरबाईची पट्टी सुटली तेव्हा डोळा लाल होता आणि पाणी गळत होतं. तिनं सुनेकडं तोंड केलं, बराच वेळ तसंच ठेवलं आणि हळूच म्हणाली, "धूर दिखस." डॉक्टरांनी ड्रॉप दिले, सांगितलं की होईल चार दिवसांत, सव्वा महिन्यानं चष्मा मिळेल. यशोधरानं भाऊंना गाठून सांगितलं की धुळ्याला आणि जळगावला फोन लावून ती ओळ काढायला हवी. भाऊ सत्काराच्या गडबडीत होते. ते म्हणाले, आज नाही तर चार दिवसांनी दिसेल, बातमी चार दिवस लवकर लागली एवढंच. आणि तिनं फोन लावला नाही.

दोन्ही पेपरांत पहिल्या पानावर आलं. 'चार वर्षांनी सासूने पाहिले सुनेचे मुख.' हीरालालशेठनी पेढे पाठवले. आधारभाऊंनी तो अंक लोकोशेडभर फिरवला, खाली नाव नव्हतं तरी लेकीनं लिहिलंय म्हणून सांगत सुटले. घरी आल्यावर त्यांनी ती बातमी दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवली. यशोधरानं डोकं दुखतंय म्हणून जेवण टाळलं.

बारा-तेरा दिवस गेले. सोमवारी सकाळी ऑफिसच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. पेपरात बातमीखाली 'संपर्क, जळगाव' एवढं छापलेलं, त्यावरूनच केसरबाईनं पाठवलेलं. सातवी शिकलेली होती ती. वाकडंतिकडं, पण शाईचा एक डाग न पाडता लिहिलं होतं. आत्यांचा डोळा ठणकतो, पू येतो, रात्रभर कण्हतात. धुळ्याला नेऊ म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, पेपरमध्ये छापलंय मला दिसतं, मग दिसणारच, धीर धर. नवराही तेच म्हणतो, गाव पण तेच म्हणतं. मी बोलले तर म्हणतात, सुनेलाच सासूचं बरं बघवत नाही. ताई, तुम्ही एकदा येऊन त्यांना सांगा. तुमचं ऐकतील.

यशोधरानं कार्ड भाऊंच्या टेबलावर ठेवलं. भाऊंनी चष्मा काढून दोनदा वाचलं. त्यांनाही वाईट वाटलं, तोंडावर दिसत होतं. पण ते उठले, दार लोटलं आणि नीट समजावून सांगितलं. आपण डॉक्टर नाही. शिबिरातल्या एकीनं तक्रार केली की उद्या दहाजण उभे राहतील, शेठचं नाव खराब होईल, आणि शेठ गेले तर हे ऑफिस बंद. शेठच्या कानावर घालतो, ते माणूस पाठवतील. तू जायचं नाहीस. आणि मग, अगदी मायेनं, म्हणाले, "शनिवारी तुझे दोन महिने भरतात. सर्टिफिकेटवर मी शनिवारीच सही करणार आहे. तोवर शहाण्यासारखी राहा."

आता बघा, ही बोलकी पोरगी. बाईंना तोंडावर चूक सांगणारी. हिनं काय करावं? तिनं कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि मंगळवारी कामाला आली. बुधवारी आली. एका पतसंस्थेच्या हळदीकुंकवाची बातमी लिहिली. रोज भुसावळच्या शटलमध्ये बसली की हिशेब मांडायची, तेरा दिवस थांबलेला डोळा आणखी पाच दिवस थांबेल. शेठनी माणूस पाठवलाच असेल. गुरुवारी तिनं धीर करून विचारलं, तर भाऊ म्हणाले, शेठ मुंबईला गेलेत. शुक्रवारी रात्री आधारभाऊंनी सर्टिफिकेटसाठी नवी फाईल आणून ठेवली होती, प्लॅस्टिकची, निळी. तिला रडू आलं. आई म्हणाली, बरं नाही का? ती म्हणाली, काही नाही.

शनिवारी दुपारी सही झाली. 'अत्यंत कर्तव्यदक्ष' असा शेरा होता. ती रविवारी पहाटे निघाली ती थेट करंजखेड्याला.

झुंबरबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, डोळ्याला फडकं. दाराच्या फळीवर बातमीचं कात्रण डिंकानं चिकटवलेलं. यशोधराचा आवाज ऐकला आणि म्हातारीचं तोंड फुललं. पेपरवाली पोर उनी, असं तिनं आत ओरडून सांगितलं. जवळ गेल्यावर वास आला. यशोधरानं फडकं वर केलं आणि परत खाली सोडलं, तिला ते पाहवेना. पाच दिवस शटलमध्ये मांडलेले सगळे हिशेब तिथल्या तिथं फुकट गेले.

तिनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. "आजी, ती बातमी मी लिहिलीय. तुमची पट्टी सुटायच्या आधी लिहिली."

झुंबरबाईला पहिल्यांदा समजलंच नाही. "मंग माले दिखस, हाई तुले कोनी सांगं?"

"कुणीच नाही. मी मनानं लिहिलं. तुम्हाला दिसत नाहीये, आजी. धुळ्याला चला, आत्ता चला."

भटू उंबऱ्यात उभा होता. तो दाराच्या फळीकडं गेला आणि नखानं ते कात्रण खरवडायला लागला. निम्मं निघालं, निम्मं राहिलं. मग त्यानं सदरा घातला आणि आईला उठवलं. झुंबरबाई उठली, केसरबाई तिचा हात धरून सोबत निघाली. दोन आठवडे कुणाचं न ऐकणारी बाई, पण यशोधराच्या एका वाक्यावर निघाली. म्हणजे सोमवारी सांगितलं असतं तर सोमवारीच निघाली असती. एसटीत बसल्यावर हे यशोधराच्या ध्यानात आलं, आणि मग धुळे येईपर्यंत दुसरं काही डोक्यात आलं नाही.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात रविवार असूनही डोळ्यांचे डॉक्टर भेटले. तरुण होते, चिडके होते. त्यांनी डोळा तपासला, भटूला बाजूला घेतलं आणि झापलं. इतके दिवस काय करत होतात? चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर वाचवायला बघितलं असतं. आता हा डोळा काढावा लागेल, नाहीतर दुसऱ्यालाही बाधेल. भटू मान खाली घालून ऐकत होता. पेपरचं नाव त्यानं काढलं नाही, यशोधराकडं पाहिलंसुद्धा नाही.

केसरबाईनं मात्र पाहिलं. ती व्हरांड्यात बाकावर बसली होती, यशोधरा शेजारी. नाक खरंच सरळ होतं तिचं. तिनं साध्या आवाजात विचारलं,

"ताई, मन्हं कार्ड तुमले कोनता दिन भेटनं?"

खोटं बोलायला काय लागतं? शनिवारी म्हटलं असतं तर कोण पोस्टात विचारायला जाणार होतं? पण त्या दिवशी यशोधराला ते जमलं नाही.

"सोमवारी," ती म्हणाली.

केसरबाई बोटांवर नाही, पण मनात दिवस मोजत होती, कळत होतं. तिनं पदर नीट केला, उठली आणि आत गेली. यशोधरा मागोमाग दारापर्यंत गेली, पुढं जायचा धीर झाला नाही. आत झुंबरबाई कॉटवर निजली होती. डोळा जाणार हे तिला सांगून झालं होतं. ती रडत नव्हती, फक्त तिला एक गोष्ट समजत नव्हती. सुनेला विचारत होती, तू तर कार्ड मागंच टाकलं होतंस ना, मग पोरीनं यायला इतका उशीर का केला?

केसरबाईनं दाराकडं पाहिलं. यशोधरानं मान खाली घातली.

"टपालच उशिरा भेटनं तिले, आत्या," केसरबाई म्हणाली.

म्हातारीचा चेहरा निवळला. तिनं हात उचलून हवेत चाचपला, जिथं यशोधरा असेल असं तिला वाटलं तिकडं. "भली पोर शे," ती म्हणाली. "कार्ड भेटताच धावत-पयत उनी."

यशोधराला पुढं होऊन सांगायचं होतं. पण ती दारातच उभी राहिली. केसरबाईनं सासूचा तो हात खाली घेतला, चादरीत घातला आणि यशोधराकडं पाठ करून पायथ्याशी बसली.