चाळीसची लेन्स

मायक्रोस्कोप विकणारा माणूस दिवसभर लोकांना काहीतरी दाखवत असतो. पण आपण दिवसभरात काय पाहिलं, ते सांगायला त्याच्याजवळ कोणी नसतं. म्हणून किस्से साठतात. नव्वदच्या दशकात सातारा-सांगली माझा एरिया होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुक्काम सांगलीच्या लॉजवर.

*

उंब्रजजवळच्या एका कॉलेजात ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नळीखाली बसणाऱ्या, दहापट, चाळीसपट, शंभरपट मोठं दाखवणाऱ्या लेन्सेस, निवडायच्या होत्या. मी म्हटलं, "दहाची आणि चाळीसची पुरतील."

"शंभरची द्या. कमी कशाला?" नवे प्राध्यापक म्हणाले.

दिली. तिला थेंबभर तेल लागतं, हेही सांगितलं. पंधरा दिवसांत तक्रार आली, काहीच दिसत नाही. जाऊन बघतो तर लेन्सला नारळाचा वास.

"सर, हे खोबरेल आहे."

"कुठलं तेल ते तुम्ही कुठं सांगितलंत?"

खरंच सांगितलं नव्हतं.

*

तासगावचे आबा द्राक्षबागायतदार. पानावरची भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, घरीच तपासायची म्हणत होते. मी दहाची लेन्स लावून दाखवली, मग चाळीसची. आबा बराच वेळ वाकून बघत राहिले.

"दहाचीच द्या," शेवटी म्हणाले. "चाळीसच्यात बघितलं तर झोप न्हाई लागायची."

मग विचारलं, "तुमच्या घरी कोण असतंय?"

मी बिलबुक काढलं.

*

आबांचं बोलणं कुणाला तरी सांगावं म्हणून एसटीडी बूथवरून पुण्याच्या ऑफिसात फोन लावला. ऑर्डर घेणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं. दहाची किती लिहू, सर?"

"एक," मी म्हटलं.

*

साताऱ्यात एक निवृत्त सर एकटेच राहायचे. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं. त्यांचं पत्र आलं : चाळीसच्या लेन्समधून धूसर दिसतं.

गेलो. स्लाइड उलटी ठेवलेली होती. नमुन्यावरची पातळ काच खाली गेली की दहाच्या लेन्सनं दिसतं, चाळीसच्या लेन्सनं नाही. पहिल्या वर्षाची पोरं हमखास ही चूक करतात.

"सर, स्लाइड उलटी आहे."

"अरेच्चा. वय झालं," सर म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे झालं तुमचं काम?"

दहा मिनिटांत मी स्टँडवर होतो.

महिन्यानं परत पत्र. परत चाळीसची. परत स्लाइड उलटी.

या वेळी मी स्लाइडचं नाव काढलं नाही. लेन्स काढली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली, सावकाश पुसली. सर चहा टाकायला आत गेले, तेव्हा स्लाइड सुलटी केली.

"काय होतं?" सरांनी आतून विचारलं.

"लेन्सवर डाग आहे, सर. दर महिन्याला बघावं लागेल."

आत कपबशा वाजल्या. मग सर म्हणाले, "साखर किती घालू?"