सगळे जेवल्यावर

माझ्या देराणीवर, म्हणजे दिराच्या बायकोवर, मी जळत होती. कबूल करते. ती आमच्या पांढुरण्याच्या घरात आली तेव्हा मी बी.ए. पास, प्रायव्हेट का असेना, आणि ती रामाकोना गावची, बारावी. शिक्षणात तरी ही आपल्या मागे, असं मी समाधान करून घेतलं होतं. रंगाने ती उजळ, नवरा तिचं ऐकतो, आणि सासऱ्यांना चहा तिच्याच हातचा लागतो. एवढं सगळं सोसून माझ्याजवळ ती एक डिग्री उरली होती.

मग बुद्धविहारात बायांसाठी इंग्रजीचा क्लास सुरू झाला. चार ते पाच, फुकट. सौसरचे एक रिटायर गुरुजी बसने यायचे. आम्ही दोघी जावा सोबतच जायचो आणि महिनाभरात ती माझ्या पुढे गेली. मी व्याकरण पाठ करून बोलायची, ती सरळ बोलूनच टाकायची. चुकली तर स्वतःच हसायची. मला चुकण्याची एवढी भीती, की उठण्याआधी वाक्य मनात चारदा म्हणून घ्यायची.

सरांची एक पद्धत होती. एक क्रियापद घ्यायचं आणि आठवडाभर तेच दळायचं. त्या आठवड्यात ‘ईट’ होतं. फळ्यावर आफ्टर, बिफोर, व्हेन, बिकॉज लिहायचे आणि म्हणायचे, “यातला एक शब्द घ्या, त्यासोबत हॅव, हॅज नाहीतर हॅड ईटन लावा. गाइडातलं वाक्य चालणार नाही. आपल्या घरचं पाहिजे, आणि खरं पाहिजे.”

मी उठली. “आफ्टर एव्हरीबडी हॅड ईटन, आय एट.” सर म्हणाले, बरोबर, आणखी एक. “बिफोर आय एट, माय हजबंड हॅड ईटन.” आणखी एक. “व्हेन द चिल्ड्रन हॅव ईटन, आय विल ईट.” सर चष्मा काढून म्हणाले, “बाई, वाक्यं तिन्ही बरोबर. पण तुम्ही दरवेळी मागूनच का जेवता?” बाया हसल्या. मीही हसली, काय करणार!

मग ती उठली. “आय हॅड ईटन बिफोर आय कॉल्ड एव्हरीबडी.” सगळ्यांना बोलावलं त्याच्या आधीच मी जेवलेली होती! एक म्हातारी तर “अवं माय!” म्हणून तोंडावर पदर घेऊन बसली. सरांनी विचारलं, “खरं आहे का हे?” ती म्हणाली, “हो सर, भूक लागते ना.” सर इतके खूष झाले की टेबलावर थाप मारली. त्याच दिवशी त्यांनी सांगितलं, सावरगावच्या अंगाला इंग्रजी शाळा निघून राहिली, लहान पोरांसाठी एक मॅडम पाहिजे. “तुमच्या घरातल्या दोघींपैकी एकीचं नाव देईन. आठ दिवसांनी सांगतो.”

ती नोकरी मला पाहिजे होती. जेवढी भाकर पाहिजे असते तेवढी पाहिजे होती. आणि सरांचा डोळा तिच्यावर होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची वेणी अर्धी सोडून मी स्वयंपाकघराच्या दारात आली. बाईसाहेब गॅसकडे तोंड करून उभ्या. दुसरी भाकर तव्यावर, पहिली हातात, त्यावर ठेचा आणि कच्चं तेल. आरामात खाऊन राहिली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं मी सगळ्यांच्या मागून जेवली. थंडी भाकर, गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाची भाजी. तसं कर म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. सासूचं पाहून पाहून मी शिकली होती. हिने का नाही पाहिलं? तिचं इंग्रजी मी एकवेळ माफ केलं असतं, पण ती गरम भाकर नाही.

दुपारी ती वाळवण काढायला गच्चीवर गेली. फ्रिजवरची तिची वही मी घेतली आणि सासूजवळ जाऊन बसली. सासू मेथी निवडत होती, माझी पोरगी बाजूला अभ्यास करत होती. “आई, पाहा तुमची सून काय लिहून राहिली,” म्हणत मी ते वाक्य वाचलं आणि एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. “सगळ्यांच्या आधी जेवते म्हणते. आणि हे भर विहारात, सगळ्या बायांसमोर सांगून आली.” शेवटचं मी मुद्दाम जोडलं. सासूचा जीव कशात आहे ते मला माहीत होतं.

“बाप्पा!” सासूच्या हातातली जुडी खाली पडली. “तुह्या सासऱ्याच्या आधी?”

तेवढ्यात ती खाली आली. सासूने विचारलं, तर तिने नाकारलं नाही. “हो आई. सर म्हणत होते खरं लिहा. खोटं काहून लिहू?”

“इंग्रजी शिकून डोक्शावर चढली वाटते! उद्यापासून क्लास बंद तुहा. अन् या घरात बायका सगळ्यायच्या मागून जेवतात, समजलं?”

ती सासूकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. मी वही मिटून फ्रिजवर ठेवली.

ती का येत नाही, सरांनी विचारलं, तर मी म्हटलं, “घरी काम पडते सर, तिला जमत नाही.” माझं नाव गेलं. नोकरी लागली.

शाळा सकाळची. पहिल्याच दिवशी सासू म्हणाली, “जेवून जाय वो, तुले यायले दोन वाजते.” त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. पहिली भाकर आता माझ्या ताटात पडते. देराणीच वाढते. ती स्वतः सगळ्यांच्या मागून जेवते. मला लाज वाटते, पण भाकर मी पूर्ण खाते.

आता तरी माझं जळणं थांबेल असं वाटलं होतं. कशाचं थांबते! माझी पाचवीतली पोरगी इंग्रजीचा अभ्यास घेऊन काकूजवळच जाते. “तू ओरडते मम्मी, काकू समजावून सांगते.” घरात इंग्रजीची मॅडम मी, आणि आतून दोघींचं हसणं ऐकू येते.

परवा रविवारी पोरीने वही पुढे केली. होमवर्क होतं, बिकॉज घालून पाच वाक्यं, खाली पालकाची सही. काकूला दाखवलं का, मी विचारलं. “नाही, हे मी एकटीनेच केलं,” ती म्हणाली. चार वाक्यं शाळेची, पावसाची, बसची. पाचवं होतं, “काकू हॅज नॉट ईटन बिकॉज मम्मी टोल्ड आजी.”

मी लाल पेन घेतला. तीनदा वाचलं. चूक एकही नव्हती. पोरगी वाट पाहत उभी होती. मी खाली सही केली.