साहेबापर्यंत पोचणारा हात

ज्याच्या कानाखाली वाजवायची आहे त्यालाच आधी कमरेत वाकून नमस्कार करायचा, हे कळलं त्या संध्याकाळी प्रेमलता शिंत्रेनं कराटेचा नाद सोडला.

"असं कसं काकू? रिस्पेक्ट तो पहली चीज़ आहे," पियुष म्हणाला. हा पियुष अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास घ्यायचा. प्रेमलता त्याच शाळेत आया होती. पोरांचे जपानी आकडे आणि 'हुः हुः' आटोपलं की हॉल झाडून कुलूप लावायचं काम तिच्याकडे.

"मला रिस्पेक्ट शिकायला वेळ नाही," ती म्हणाली. "मला एका माणसाला मारायचंय. हात कसा धरायचा, कुठे घालायचा, तेवढं दाखव."

पियुष हसला. एकेचाळीस वर्षांची, पदर खोचलेली आया असलं काही म्हणते म्हटल्यावर कुणीही हसलं असतं. पण प्रेमलतेला त्या दिवसांत हसणाऱ्या माणसाचा फार राग यायचा. झाडू कोपऱ्यात आपटून ती निघाली ती थेट बस धरून कापडाच्या मिलच्या चाळीत, घरी.

आता ज्याला मारायचं होतं तो कोण, ते सांगतो. त्याचं नाव शरदचंद्र. मिलमध्ये लेबर ऑफिसर. या हिंदी मुलखात आपल्यातलाच मराठी माणूस, म्हणून तर जास्त लागलं. एक्क्याण्णवच्या सुरुवातीला, ऐन थंडीत मिल बंद पडली. गेटवर कागद चिकटला आणि चारशे माणसं तो कागद वाचत उभी राहिली. त्यात प्रेमलतेचा नवरा श्रीराम होता. बावीस वर्षं लूमवर काढलेली, कानानं अर्धा बहिरा, स्वभावानं पूर्ण गरीब. साहेब गाडीत बसायला निघाले तेव्हा यानं पुढे होऊन एवढंच विचारलं, "साहेब, भोंगा परत कधी वाजणार?" बस्स. दगड नाही, शिवी नाही. साहेबांनी फाडकन् त्याच्या मुस्कटात मारली. म्हणाले, "वाजला, ऐकलास?"

हे झालं ते झालं. पण श्रीरामनं काय केलं? हात जोडले आणि म्हणाला, "चूक झाली साहेब."

चारशे माणसं गप्प. एकाच्या तोंडून हूं की चूं नाही. मात्र संध्याकाळपर्यंत चाळीत श्रीरामचं नाव 'चूक झाली' पडलं होतं. नळावर, पानाच्या ठेल्यावर, "काय चूक झालीजी, चहा घेणार का?" मेल्यांना साहेबासमोर जीभ नव्हती, इथे बरी फुटली! श्रीरामनं बाहेर पडणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवायला वाढलं की जेवायचा. त्याला बघितलं की प्रेमलता अशी पेटायची की तिला स्वतःचीच भीती वाटायची. एक थप्पड. तितक्याच लोकांसमोर. ती परत केल्याशिवाय हा माणूस भिंतीकडून वळायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर एव्हाना नवऱ्याचं नुसतं निमित्त उरलं होतं. तिलाच हवं होतं ते.

कराटे सुटलं, मग ती कुस्तीच्या आखाड्यात गेली. तिथल्या पहिलवानांनी बाईमाणसाला मातीवर पाय ठेवू दिला नाही, वर हात जोडून "माताजी" म्हणाले. मग ज्युडो. ज्युडोवाल्या मॅडम भल्या होत्या. समोरच्याची कॉलर धरायची आणि त्याच्याच वजनानं त्याला लोळवायचं, हे प्रेमलतेला फारच आवडलं. पण साहेबाची कॉलर धरण्याइतकं जवळ तिला कोण जाऊ देणार? मिल बंद झाल्यावर शरदचंद्रांचं काही बिघडलं नव्हतं. उलट सुदामा नगरला बंगला झाला, प्लॉट विकायचा धंदा निघाला, गणेशोत्सवाच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. गाडीतून उतरले की दोन्हीकडून चार-चार चमचे.

शेवटी ती बंडू उस्तादाकडे गेली. बंडू उस्ताद म्हणजे सत्तरीचा, काटकुळा, मिशा मात्र भरदार. दर वर्षी अनंत चौदसला गणपतीच्या मिरवणुकीत मिलची झांकी, म्हणजे गाडीवरचा देखावा, निघते, तिच्यापुढे त्याचा आखाडा खेळत चालायचा. लाठी, दोन्ही टोकांना पलिते लावून फिरवायची बनेटी आणि पट्टा. पट्टा म्हणजे चार फुटी लवलवतं पातं आणि त्याच्या मुठीला कोपरापर्यंत लोखंडी बाही. बाहीत हात घातला की मनगट बांधलं जातं, फिरतो तो खांदा आणि कंबर. उस्तादाचा पट्टा भिंतीवर गंजत होता. तो चालवणारा त्याचा मुलगा पीथमपूरला कारखान्यात लागला होता, आणि बाकीची पोरं संध्याकाळी केबलच्या टीव्हीसमोर.

उस्तादानं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. एकच प्रश्न विचारला, "तो माणूस तुझ्यापासून किती लांब उभा असतो?"

प्रेमलता विचारात पडली. "चार-पाच हात. त्याहून जवळ कुणाला येऊ देत नाही."

"मग बाई, तुला पट्टाच पाहिजे." त्यानं भिंतीवरून तो काढला. "कराटे त्याचं, ज्याचा दुश्मन शेजारी राहतो. आपला दुश्मन मंचावर बसतो. मागच्या साली ह्याच शरदचंद्रानं मला हार घातला होता, माहितीये?"

"उस्ताद, राग धरून पट्टा शिकता येतो?"

"राग चालतो. मी काही साधूबाबा नाही. घाई नाही चालत."

आणि त्यानं आपल्या आखाड्याची रीत सांगितली. झांकी ज्या ज्या स्वागत-मंचासमोर थांबते, तिथे आखाडा मंचवाल्यांकडून एक माणूस मागून घेतो. त्याला सतरंजीवर निजवायचं, गळ्यावर काकडी ठेवायची आणि पट्ट्याच्या एका वारात काकडीचे दोन तुकडे. कातडीला ओरखडा नाही. मानाचं काम असतं ते. बहुतेक मंडळाचा एखादा हौशी कार्यकर्ता पुढे येतो.

"आणि मी अध्यक्षालाच मागितलं तर?"

उस्तादानं मिशीला पीळ दिला. "लोकांसमोर नाही कसं म्हणेल?"

मग काय! ब्याण्णवची संक्रांत झाल्यापासून प्रेमलता शाळा सुटली की उस्तादाच्या अंगणात. पहिले दोन महिने नुसता खांदा. रात्री हात वर होईना, पोळी लाटताना डोळ्यांत पाणी यायचं. मग मातीच्या गोळ्यावर लिंबं. मग केळीच्या खांबावर काकड्या. मेहनत कसली ती, वेड होतं वेड! प्रत्येक काकडीखाली तिला एकच गळा दिसायचा, गोरा, घोटीव, साबणाच्या वासाचा. कधी कधी पातं चार बोटं खाली यायचं आणि केळीच्या खांबात घुसायचं. उस्ताद खेकसायचा, "ए बाई! इथे खून झाला!" ती पातं उपसून पदराला पुसायची. चार बोटं हात घसरला तर कुणाला कळणार आहे, हा विचार तिच्या मनात येत नव्हता असं नाही. रोज यायचा. आणि गोड लागायचा.

श्रावणात उस्ताद स्वतः सतरंजीवर आडवा झाला. "मार. मेलो तरी सत्तर वर्षं झालीयेत." तिनं मारला. काकडी कापली गेली, उस्ताद उठून बसला आणि म्हणाला, "झालं. आता तू जाणे आणि तुझा साहेब."

घरी मात्र रोज काकडीची कोशिंबीर. श्रीराम मुकाट्यानं खायचा. एकदाच म्हणाला, "यंदा काकडी फार स्वस्त दिसते." तिनं हं केलं. त्याच्याशी यावर बोलायची तिची तयारी नव्हती. नको म्हणाला असता तर तिनं ऐकलं नसतं, आणि बरं म्हणाला असता तर तिला रडू आलं असतं.

अनंत चौदस आली. मिल बंद होती, पण झांकी काही बंद झाली नव्हती. बेकार माणसांनीच चंदा करून, स्वतः खिळे ठोकून उभी केली. दिवेलागणीला आखाडा शरदचंद्रांच्या मंचासमोर पोचला. हार झाले, ढोल थांबले. भरजरी साफा बांधून अध्यक्ष मधल्या खुर्चीत. उस्तादानं माणूस मागितला तसं त्यांनी हसत एका कार्यकर्त्याला पुढे ढकललं.

"नहीं भिया," प्रेमलता त्या कार्यकर्त्याला मोठ्यानं म्हणाली. उजवा हात लोखंडात, डोळे मंचावर. "मान अध्यक्षजी का है."

गर्दीत सगळे मिलचेच. त्यांना ऐकायचाच अवकाश, "अध्यक्षजी! अध्यक्षजी!" असा गलका उठला. शरदचंद्र हसले, हात हलवला, पुन्हा हसले. बाईच तर आहे, असं शेजारच्याला म्हणाले आणि उतरले खाली. ही बाई कोण, त्यांना काय माहीत? सतरंजीवर निजले. उस्तादानं त्यांच्या गळ्यावर काकडी ठेवली.

प्रेमलता वाकली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी श्रीराम शिंत्र्यांची बायको. भोंग्याचं विचारलं होतं ना त्यांनी, त्यांची."

एका क्षणात माणसाचा रंग उडाला. काकडी थरथरायला लागली. तिनं पट्टा डोक्यावरून फिरवला, पातं सूं सूं करत हवा कापत गेलं, आणि तिला वाटलं, हेच ते. आता खाली आणायचं. किती खाली, ते माझं मी ठरवीन.

पण साहेब थांबले तर ना! "अरे बापरे" म्हणून ते जे उठले ते चार पायांवर. साफा सुटला, काकडी घरंगळली, एक चप्पल तिथेच. पळत जाऊन मंचावर चढले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "उसण भरली हो, उसण!" अख्खी मिल हसली. एवढ्या दिवसांचं साठलेलं हसली. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी ओरडलं, "भिया, भोंगा बज गया!"

प्रेमलता हसली नाही. तिचा हात वरच होता. तिला हसू नको होतं, तिला तो गळा हवा होता, आणि तो निसटला होता. एवढ्यासाठी आठ महिने? उस्ताद पुढे चला म्हणून खूण करत होता, ती हलेना.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि श्रीराम पुढे आला. धुतलेला सदरा, दाढी केलेली. दीड वर्ष घराबाहेर न पडलेला माणूस कधी निघाला, किती वेळ मागे उभा होता, देव जाणे. त्यानं घरंगळलेली काकडी उचलली, सदऱ्याला पुसली, सतरंजीवर उताणा झाला आणि स्वतःच ती गळ्यावर ठेवली.

"अहो, उठा," ती कुजबुजली. "माझा हात आज धड नाही. खूप राग आहे हो त्यात."

"दिसतोय," श्रीराम म्हणाला. "मार तू."

श्रीरामचे डोळे उघडे होते, आणि ते भिंतीकडे नव्हते, तिच्याकडे होते. गळ्यावरची काकडी जागची हलत नव्हती. प्रेमलतेनं दात आवळले, खांदा सैल सोडला आणि पट्टा खाली आणला.

काकडीचे दोन तुकडे दोन्हीकडे पडले. गळ्यावर रेघसुद्धा नाही.

श्रीराम उठला. कपडे झटकले. एक तुकडा त्यानं तोंडात टाकला आणि दुसरा घेऊन सावकाश मंचाची पायरी चढला. चमचे मधे येणार होते, पण खालून मिलवाले असे काही पुढे सरकले की ते जागच्या जागी थांबले. शरदचंद्र अजून कंबर धरून होते. श्रीराम अगदी त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर उभा राहिला आणि काकडी पुढे केली.

"घ्या साहेब," तो म्हणाला. "काकडी आहे. चावत नाही."

खाली रस्ताभर माणसं माना वर करून बघत होती. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पट्टा धरून उभ्या असलेल्या प्रेमलतेकडे, आणि मग हात पुढे करून ती काकडी घेतली.