हैदराबादेतला गाववाला

मुलीचं लग्न उरकलं, वांग्यांचा तोडा संपला आणि मी एकटीच हैदराबाद पाहायला निघाले. नवरा म्हणाला, "एकटी कायले जातं?"

"तुमी येत नाही म्हनून," मी म्हटलं आणि वाशिमला गाडीत बसले.

जुन्या शहरात फिरताना भाजीची गाडी दिसली. हात सवयीनं सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीकडे गेला. "शिळा हाये," मी पुटपुटले, तर मागून कोणी म्हणालं, "आपल्याकडं याच्यापरीस बरा भेटते, ताई. कोन्या गावच्या तुमी?"

परमुलखात आपली बोली! जीव भांड्यात पडला. चाळिशीतला, पांढऱ्या शर्टातला साधा माणूस. आमच्याकडे गाव विचारलं की सासर, माहेर, पोरंबाळं सगळं ओघानं येतं. न सांगणारा आखडू ठरतो. मी सांगितलं. सासर केनवडजवळ, माहेर आसेगाव, भाऊ तिथंच शेती करतो. त्याचं नावही सांगितलं. उतरले कुठं, तेही.

"एकट्याच?"

"हाव."

मग रीतीप्रमाणे माझी पाळी. "तुमी कोन्या गावचे?"

"आपल्याकडचाच."

"पन गाव कोनतं?"

तो हसला आणि समोरची कमान दाखवू लागला. आमच्या भागात चोरसुद्धा गाव सांगतो.

बायकांनी भरलेल्या एका साडीच्या दुकानात मी शिरले. तो बाहेर उभा राहिला, माझ्याकडे न बघता. बऱ्याच वेळानं पाहिलं तर गेला होता. मला हायसं वाटलं, थोडी लाजही वाटली. उगाच साप साप म्हणून भुई धोपटली.

उन्हं कलताना लॉजवर आले. खोलीची चावी काउंटरवर ठेवून गेले होते, ती मागितली.

मॅनेजर म्हणाला, "आपके भाई आए हैं, आसेगाव से." त्यानं भावाचं नाव घेतलं, अगदी बरोबर. "बहन की शादीशुदा बेटी तक का हाल बताया. चाबी दे दी मैंने. ऊपर बैठे हैं."

तेवढ्यात वर दार उघडलं आणि तोच आवाज जिन्यातून खाली आला, "ताई, आल्या का? या ना वर."

मी खोलीतली बॅग तशीच सोडली आणि पळाले.

स्टेशनवर शेजारी एक म्हातारी येऊन बसली. मायेनं विचारलं, "कोन्या गावची व बाई?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. ती पुन्हा विचारेल म्हणून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.