दयाळ आणि अप्पांची मोडकी शीळ

मी रसायनीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की सगळ्यात आधी टर उडवणारी मीच. तरी हे लिहितेय... कारण माहेरी ते कुणाला ऐकायचं नाहीये.

माहेर पोशीर. शेताच्या वरच्या अंगाला आमची ऐनाची झाडं. भाताच्या पेरणीआधी राब, म्हणजे रोपांची जागा, भाजायला टहाळ, म्हणजे पानांच्या फांद्या, लागतो, तो अप्पा, म्हणजे माझे वडील, हिवाळ्यात त्यांच्यावरूनच तोडायचे. एका ऐनाचा शेंडा मात्र कधीच तोडला नाही. म्हणायचे, "त्यावर दयाळ बसतो गं. चैतात त्यानं गायाचं कुठं?"

दयाळ म्हणजे काळा-पांढरा, शेपटी उभारून मिरवणारा छोटा पक्षी. हिवाळाभर जवळजवळ मुका. चैत्र लागला की पहाटेच शेंड्यावर हजर! अप्पा खालून शीळ घालायचे, तो वरून उत्तर द्यायचा.

गेल्या पावसाळ्यात अप्पांना पॅरालिसिस झाला. पनवेलच्या हॉस्पिटलात तोंड वाकडं झालेलं, तरी शीळ घालायचेच — दोन सूर, मग नुसती हवा, फुस्स... आणि शेवटचा सूर घसरून खाली. मी त्यांच्यासमोर हसायचे आणि बाहेर जाऊन रडायचे. तिथेच ते गेले. माझा सख्खा दादा एकदाच आला होता, तोही फोन कानाला लावून दारातूनच परतला. तेराव्याला मात्र त्यानं गावजेवण घातलं.

पौषात दादानं ती जागा फार्महाऊसवाल्याला विकली. झाडं तोडायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. म्हटलं, "दादा, तेवढा एक ऐन राहू दे."

"लेकीबाळींनी यात बोलू नाय."

करवतीचं मशीन सुरू होणार, तेवढ्यात शेंड्यावरून दयाळ गायला. पौषात, भर दुपारी! दोन सूर... फुस्स... आणि घसरलेला शेवटचा.

मी दादाचा दंड धरला. "दादा, ऐकलंस? अप्पांची शीळ!"

"येडी का काय तू? अप्पांची शीळ मला ठावं नाय का? ती अशी नव्हती. पाखरू हाय ते."

ऐन पडला. दयाळ उडाला तो पुन्हा दिसला नाही.

दयाळ नकला करतो, हे मलाही माहीत आहे. पण ती मोडकी शीळ अप्पांनी फक्त हॉस्पिटलच्या बंद काचांच्या एसी खोलीत घातली होती. पोशीरच्या पक्ष्यानं ती ऐकली कुठे? खूप डोकं खाजवलं, उत्तर नाही.

दादाला ती का ओळखता आली नाही, त्याचं उत्तर मात्र मला पाठ आहे.