दगडाचा वास

किस्से साचतात कसे, तर छाटणी करताना वेलाखाली काड्या साचतात तसे. आपली नजर वर, अन् खाली ढीग कधी झाला कळत न्हाई. चाकूरजवळच्या आमच्या द्राक्षमळ्यात माझा असाच ढीग झालाय.

वेल मूळचा माझ्या दारातला. गावठी पांढरं द्राक्ष. मणी लहान, साल जाड, आत बिया. बाजारात कुणी विचारीना. मी ज्यांच्याकडं कामाला, त्या मालक माधवरावांची लेक वैशालीताई वाइन करायचं शिकून आली. एक मणी चावला अन् म्हणाली, "आप्पा, मला लावायला ह्याच्याच काड्या पाहिजेत!"

माधवरावांनी माळावरची दोन एकर दिली. वर मुरूम, खाली काळा खडक. अटही घातली, "पहिली वाइन खपली न्हाई, तर वेल उपटायचे अन् सोयाबीन पेरायचं!"

*

लागवड झाल्यावर ताई पंधरा दिवस नांदेडला गेली. मला रिकामं बसवत न्हाई. रानातले सगळे दगड वेचून बांधावर रचले. वाटलं, ताई खूष होईल.

ताई आली अन् कपाळावर हातच मारला. "आप्पा, दगडांसाठीच तर हा माळ घेतला! त्यांच्याखाली ओल टिकते."

पुढचे पंधरा दिवस, मालक नको नको म्हणत असताना, तेच दगड परत रानात टाकले. रस्त्यानं जाणारा एकजण सायकल थांबवून म्हणाला, "काय आप्पा, दगड पेरून राहिले का?"

"हाव," म्हणलं, "पाऊस बरा झाला तर डोंगर येईल!"

*

ताईनंच सांगितलं, हा खडक म्हणजे कोट्यवधी वर्षांमागं जमिनीतून वर आलेली आग. ती थंड झाली अन् दगड झाला.

घरी कारभारणीला सांगितलं. ती म्हणाली, "थंड झाली म्हणता? मे महिन्यात अनवाणी चालून बघा!"

*

तिसऱ्या वर्षी तोडणीची वेळ आली. गोडी बघायची ताईची एक छोटी दुर्बीण हाय. तिच्यात बघून ताई म्हणाली, "उद्या तोडू."

मी मण्यातली बी चावून बघितली. हिरवी, तुरट. म्हणलं, "ताई, चार दिवस थांबा."

माधवराव चिडले, "यंत्र खोटं अन् तुमचे दात खरे?"

"मालक, तीनच राहिलेत. पण खरे हायेत!"

ताई थांबली. पाऊस आला तर घड सडणार, म्हणून चार दिवस आभाळाकडं बघत मला जेवण गोड लागलं न्हाई. पाचव्या दिवशी बी तपकिरी झाली अन् तोडणी केली.

*

मी पंचशील घेतलेला माणूस. वाइनचा थेंब तोंडात घेत न्हाई. म्हणून वाइन तयार झाल्यावर ताईनं नुसता ग्लास माझ्या नाकाशी धरला. "सांगा आप्पा, कसा वास हाय?"

मी लई वेळ हुंगलं. "विहीर खोदताना पहार लागून दगड फुटतो ना, तसा."

ताई नुसती हसली.

*

मग नांदेडच्या एका मोठ्या हॉटेलचे साहेब वाइन बघायला आले. त्यांनी घेतली तरच वेल राहणार होते. ताईनं ग्लास भरून पुढं केला. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले अन् म्हणाले, "यात दगड लागतो."

माधवराव ताडकन उठले. "साहेब, द्राक्षं धुऊन घेतली होती हो!" मग माझ्याकडं वळले, "आप्पा, म्हणून म्हणत होतो, दगड परत टाकू नका!"

साहेबांनी ग्लास पुढं केला. "अजून थोडी द्या. अन् जेवढ्या बाटल्या असतील तेवढ्या माझ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात ट्रॅक्टर आला. चालवत होते स्वतः माधवराव. मागं ट्रॉली शिगोशीग भरलेली, त्यांच्या पलीकडच्या सोयाबीनच्या रानातल्या दगडांनी.

इंजिन बंद करून हळूच म्हणाले, "आप्पा, कुठं टाकू?"